लोखंड घालून तांबं काढायचे ते कसं?

वेल्समधल्या अँगलसी बेटाचा विषय निघाला की तिथल्या लांबलचक नावाच्या रेल्वे स्टेशनाच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो: अमलुख गावाजवळच्या पॅरिस डोंगरावर म्हणे हौदात भंगार टाकून तांबं काढायचे, हे खरं का? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. खरं आहे, आणि त्यात जादू काही नाही.

या डोंगरात सुमारे 4000 वर्षांपूर्वीही खाणकाम होत होतं. तेव्हाचे दगडी हातोडे सापडले आहेत. मोठा साठा हाती लागला तो 2 मार्च 1768 रोजी. शोध लावणाऱ्या रोलंड प्यूला ब्रँडीची एक बाटली आणि तहहयात बिनभाड्याचं घर मिळालं, असं सांगतात. पैसा अर्थात दुसऱ्यांनीच केला. त्यात पहिला नंबर टॉमस विल्यम्सचा. जमिनीच्या मालकीच्या भांडणात वकील म्हणून शिरला आणि ब्रिटनच्या अख्ख्या तांब्याच्या धंद्यावर मांड ठोकून बसला. सरकारी सुटे पैसे मिळेनात, तेव्हा 1787 मध्ये त्याच्या खाण कंपनीने स्वतःचीच तांब्याची पेनी पाडली.

खनिज भरपूर, पण हलक्या प्रतीचं. ते फोडायचं काम बायकांकडे. डाव्या हातात लोखंडी पट्ट्या लावलेला हातमोजा, उजव्या हातात हातोडा, पुढ्यात लोखंडी ठोकळा. चांगले तुकडे वेगळे काढायचे. मग भट्टीत भाजणं. खनिजात गंधकच इतकं की एकदा पेटवलं की ते महिनोन् महिने आपोआप धुमसत राहायचं. धूर कोंडून गंधक गोळा करत. उरलेल्या धुराने आसपासचं हिरवं काही जगू दिलं नाही. शेवटी खनिज वितळवून तांबं वेगळं करायला कोळसा फार लागायचा आणि बेटावर तो पुरेसा नव्हता, म्हणून बरंचसं खनिज अमलुख बंदरातून स्वॉन्झी आणि लँकाशायरकडे जायचं.

आता हौद. खाणीतल्या पायराइटला, म्हणजे लोखंड आणि गंधक असलेल्या खनिजाला, हवा आणि पाणी लागलं की आम्ल तयार होतं, आणि ते खडकातलं तांबं विरघळवतं. म्हणजे खाणीतून झिरपणारं पाणी हे आपल्या मोरचुदाचंच पातळ पाणी. त्यात लोखंड पडलं की लोखंड विरघळतं आणि तांबं बाहेर पडून त्याच्यावर बसतं. द्राक्षबागायतदारांना हे नव्याने सांगायला नको: मोरचूद आणि चुना कालवून फवारायच्या बोर्डो मिश्रणात चुना कमी पडलाय का, हे ते विळा बुडवूनच पाहतात. पात्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी.

हिशेबाने 56 किलो लोखंडामागे साधारण 63 किलो तांबं मिळायला हवं. प्रत्यक्षात लोखंड यापेक्षा बरंच जास्त लागतं, कारण पाण्यातलं आम्ल आणि आधीच विरघळलेलं गंजरूपी लोखंड, दोघंही भंगार खातात. दुसरी अडचण पुटाची. लोखंडावर तांबं घट्ट बसलं की आतल्या लोखंडापर्यंत पाणी पोचत नाही आणि काम थांबतं. म्हणून माणसं लावून भंगार सतत हलवायचं, खरवडायचं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, घातलं तर त्यातला कार्बन विरघळत नाही, तळाशी जमणाऱ्या तांब्याच्या गाळात उतरतो आणि गाळाची प्रत घसरते. पाणी घाईने सोडलं तर तांबं तसंच पुढे निघून जातं. तळाशी बसलेला गाळ उपसून, वाळवून वितळवायला पाठवत. तांबं काढून झालेलं पाणी पुढच्या उथळ तळ्यांत हवेवर ठेवलं की त्यातलं लोखंड पिवळ्या मातीच्या रूपात खाली बसे. ती रंगासाठी विकली जाई. फुकट काही घालवायचं नाही, हा या खाणीचा बाणा मला सगळ्यात आवडतो.

हीच रसायनक्रिया समुद्रात महागात पडली. 1780 च्या सुमारास ब्रिटिश आरमाराने लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारले. पत्रे टिकले, पण त्यांच्या सान्निध्यात खाऱ्या पाण्याने सांगाड्याचे लोखंडी बोल्ट कुरतडून टाकले. मग गार लाटून कडक केलेले तांब्याचे बोल्ट आले, आणि ते विकण्यातही विल्यम्स होताच.

पुढे खनिज खणणं परवडेना, तेव्हा खाणच हौदासारखी वापरली: भुयारात बंधारा घालून पाणी अडवायचं, खडकाशी मुरू द्यायचं, मग झडप उघडून खाली हौदांत सोडायचं. हा उद्योग विसाव्या शतकापर्यंत चालला. तो बंद पडला तरी बंधारा मात्र तसाच राहिला आणि मागे आम्लाचं पाणी साठत गेलं. तो फुटला असता तर अमलुखचं काही खरं नव्हतं. शेवटी 2003 मध्ये पाणी पंपाने उपसून बंधारा काढला. त्यामुळे दक्षिणेकडे डुलासच्या खाडीला जाणाऱ्या ओढ्याचा ताप बराच कमी झाला. खाणीचं पाणी आता मुख्यतः उत्तरेला, अमलुखवरून आयरिश समुद्रात जातं. हौदांच्या भिंती अजून पाहता येतात. जाल तेव्हा आखलेली पायवाट सोडू नका, आणि बरोबर कुत्रं असेल तर त्याला तिथलं पाणी पिऊ देऊ नका.