शनिवार, रात्रीचे साडेबारा

आज मी दगड झाले. डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या खेळात, तेही पहिल्याच फेरीत.

मेडुसा, जिच्या नजरेने माणूस दगड होतो ती, समोर आली तेव्हा डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) अगदी थंडपणे विचारलं, "नजर वळवतेस?" वळवली असती तर ती दिसली नसती, नेम चुकायची भीती. सातव्या लेव्हलच्या माझ्या ड्वार्फ क्लेरिकबाईंना (खेळातलं माझं पात्र, बुटकी पुजारीण) माघार कुठली रुचायला! वीस बाजूंच्या फाशावर पडले 7, कॉन्स्टिट्यूशनचे, म्हणजे काटकपणाचे, 2 धरून 9. हवे होते 14. दहा जरी झाले असते तरी अंग फक्त ताठरायला लागलं असतं आणि आणखी एक फासा मिळाला असता. पाच किंवा जास्तने हुकलं की जागच्या जागी शिळा. या खेळात ही भीती पहिल्यापासूनची: 1974 च्या नियमांत सेव्हिंग थ्रोच्या (संकटातून वाचायला टाकायच्या फाशाच्या) तक्त्यात दगडासाठी वेगळा रकाना होता.

मेल्यावर निदान नवं कॅरेक्टर लिहायला घेता येतं. दगड झालेल्याचं धड सुतकही नाही. दोन तास चिवडा खात बसले. दगडाला आजूबाजूचं भान नसतं, वय वाढत नाही. अंगात आधीच विष असेल तर तेही थबकतं, उतरत मात्र नाही. (ही शेवटची अट ज्याला सुचली तो माणूस खडूस असणार.)

अहल्या आठवलीच. पण वाल्मीकींच्या बालकांडात ती शिळा होत नाही. राखेत पडून, वाऱ्यावर जगत, कुणाच्या नजरेस न येता राहते. शिळा नंतरच्या कथांतली. टेबलाशी बसून सगळं ऐकणारी, पण तोंड न उघडू शकणारी मी त्या जुन्या अहल्येच्या जवळची.

उःशाप आहे: ग्रेटर रिस्टोरेशन नावाचा मंत्र. त्याला शंभर सुवर्णनाण्यांची हिऱ्याची पूड लागते आणि नवव्या लेव्हलच्या क्लेरिकसारखा कुणी. आमच्यात क्लेरिक एकच, ती दगडात.

मग मंडळींनी मला देवळापर्यंत न्यायचं ठरवलं. दगड झालं की वजन दसपट. 150 पौंडांची बाई 1500 पौंडांची, म्हणजे सुमारे 680 किलो. गाडीचं चाक निखळलं, मी कलंडले, डाव्या हाताची करंगळी तुटली. नियमाप्रमाणे जिवंत झाल्यावरही ती तुटलेलीच राहणार.

आमच्या रोगने (इंग्रजीतला rogue, म्हणजे चोर; मराठीतही हे नाव त्याला चपखल बसतं) ती करंगळी गुपचूप पिशवीत टाकली. सगळे हसले, मीही.

पुढच्या शनिवारी त्याला काही विचारायचं नाही. मला ते ठाऊकच नाहीये.