रक्त गळणारी डहाळी

आज दुपारभर इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्यातला नरक वाचत होते. त्यात दान्ते स्वतःच पात्र होऊन नरकातून फिरतो. तेराव्या सर्गापाशी आले आणि पुढे जाववेना.

आत्महत्या केलेल्यांचं तिथे काटेरी रान झालंय. देह स्वतःहून टाकला, म्हणून ख्रिस्ती श्रद्धेतल्या अंतिम निवाड्यानंतर, बाकीच्यांना देह परत मिळेल तेव्हाही, तो त्यांच्या आत्म्यावर चढणार नाही. ज्याच्या त्याच्या झाडाला लटकत राहणार. दान्ते एक डहाळी मोडतो, तर तिच्यातून रक्त आणि शब्द एकदमच बाहेर येतात. ते झाड म्हणजे पिएर देल्ला विन्या, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा विश्वासू मंत्री. राजद्रोहाचा आळ आला, डोळे गेले, तुरुंगात जीव दिला. झाड शपथेवर सांगतं, मी धन्याशी कधीच बेइमानी केली नाही.

हे लिहिणारा दान्ते स्वतः १३०२ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपावरून फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेला. सापडला तर जिवंत जाळायचं, असा हुकूम होता!

पिएरची शिक्षा तो कमी करत नाही. पण पुढचा प्रश्न त्याला विचारवत नाही, इतकी दया दाटून येते. नरकात त्याला वाट दाखवणाऱ्या व्हर्जिल या प्राचीन रोमन कवीलाच म्हणतो, तुम्ही विचारा. पापाला साजेशा शिक्षा रचणाऱ्या कवीचं हे गप्प होणं मला त्या साऱ्या रचनेहून मोठं वाटतं.