यंत्रमाग, कान आणि प्रेसनोट : माझा अनुभव

यंत्रमाग कामगारांच्या ऐकण्यावरचा आमचा शोधनिबंध एका नियतकालिकानं स्वीकारला आणि तो सोलापूरच्या वर्तमानपत्रांपर्यंत नेण्याचं काम माझ्याकडे आलं. निबंधापेक्षा ही एक पानाची प्रेसनोट जड गेली.

आधी कामगारांनी दिलेलं संमतीपत्र काढून वाचलं. मराठी आणि तेलुगू, दोन्ही प्रतींत ‘माहिती संशोधनासाठी वापरली जाईल’ एवढंच होतं. म्हणजे पेपरातल्या फोटोला होकार नव्हताच. नाव गाळून भागत नाही. पूर्व भागातली गल्ली, ‘आठ मागांचा कारखाना’ आणि ‘पन्नाशीचा कामगार’ हे तिन्ही एकत्र आलं, की चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत माणूस ओळखला जातो, आणि काम जातं ते त्याचं. म्हणून या तिन्हीपैकी एकही तपशील बातमीदाराला दिला नाही. फोटोसाठी वेगळी लेखी संमती, तीही कारखान्याबाहेर. मालक शेजारी उभा असताना दिलेला होकार मी धरत नाही. शेवटी धोट्याचा (आडवा धागा नेणाऱ्या भागाचा) आणि मागाचा फोटो दिला. बातमीदाराला कानाला हेडफोन लावलेला कामगार हवा होता, तो थोडा हिरमुसला.

नियतकालिकानं बातमीसाठी तारीख-वेळ ठरवून दिली होती, ती पाळली. पण त्याआधी ज्याचा त्याला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, समजावून दिला. स्वतःच्या कानाची बातमी माणसाला पेपरातून कळू नये.

अतिशयोक्ती बातमीदारच करतात, हा आपला लाडका समज. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या ४६२ प्रेसनोट तपासणारा अभ्यास २०१४ साली आला. ४० टक्के नोटांत मूळ निबंधापेक्षा ठाम सल्ला दिलेला होता. आमच्याही पहिल्या मसुद्यात ‘मागाच्या आवाजामुळे बहिरेपण’ असं होतं. आमची पाहणी एका वेळची. तिच्यावरून ‘मुळे’ म्हणता येत नाही. तो शब्द खोडून ‘मागावर काम करणाऱ्यांत जास्त आढळलं’ असं केलं. टक्क्यांऐवजी ‘१०० जणांपैकी इतके’ लिहिलं. चाचणी गोंगाटापासून किमान १४ तास दूर राहिल्यावरच घेतली, हेही नोटेत घातलं. पाळी सुटल्यावर लगेच तपासलं तर कानाला आलेला तात्पुरता बधिरपणाही कायमच्या नुकसानीत मोजला जातो. गोंगाटानं कान बिघडला की ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच स्वराच्या, आसपास आलेखात पडणारी खाच समजावायला मात्र नोटेतले शब्द पुरत नाहीत, ती पेन्सिलीनं काढून दाखवावी लागते. अभ्यासाला पैसे कुणी दिले, ती ओळ शेवटी न टाकता वरच ठेवली.

छापण्याआधी अख्खी बातमी दाखवा, असं बातमीदाराला म्हणू नये. तो त्याचा अधिकार. आमच्या तोंडची वाक्यं आणि आकडे तेवढे फोनवर वाचून घेतले. तरी एका दैनिकात मथळा आला, ‘सोलापुरी चादर करते बहिरं!’ मथळा कचेरीत संपादनाच्या डेस्कवर ठरतो, बातमीदाराला बोल लावून उपयोग नसतो. त्याच दिवशी संपादकांना लेखी कळवलं : चुकीचं वाक्य, त्याजागी हवं ते वाक्य, निबंधातलं पान. हे तिन्ही मिळून पाच ओळींचं पत्र. लांबलं की कुणी वाचत नाही.

दुरुस्ती तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर आली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहिला तो पहिलाच मथळा. मग दोन्ही कात्रणं एकाच कागदावर चिकटवून, खाली तेलुगूत दोन ओळी लिहून, त्याचा फोटो कामगारांच्या गटावर टाकला.