रेझोनन्स सरकत होता, दिवा जळत होता

काचेच्या फोटोनिक क्रिस्टल कॅव्हिटीचं (बारीक छिद्रांच्या नक्षीत प्रकाश अडकवणाऱ्या जागेचं) मोजमाप करणार असाल, तर लेसरच्या आधी खोलीतला दिवा तपासा. माझा सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला.

आमची कॅव्हिटी आर्सेनिक सल्फाइड या काचेच्या पातळ पडद्यात कोरलेली. फायबर जवळ नेला आणि 1550 नॅनोमीटरच्या आसपास रेझोनन्स, म्हणजे कॅव्हिटी ज्या तरंगलांबीचा प्रकाश धरून ठेवते ती जागा, मिळाला, पण दर वेळी तो आधीपेक्षा लांब तरंगलांबीला! पहिला संशय उष्णतेवर, आणि तो रास्तच होता. या काचेतून उष्णता फार हळू वाहते आणि पडदा हवेत लटकलेला. लेसरची शक्ती वाढवली की रेझोनन्सचं शिखर एका बाजूला कलून त्रिकोणी होतं. पण शक्ती उतरवली की ते जागेवर यायला हवं, कारण एवढासा पडदा क्षणात निवतो. आमचं येत नव्हतं.

म्हणजे काच आतून बदलत होती. तिची बँडगॅप (ज्या ऊर्जेच्या वरचा प्रकाश काच शोषून घेते ती) साधारण 2.4 इलेक्ट्रॉनव्होल्ट, हिरव्या प्रकाशाच्या आसपास. सूक्ष्मदर्शकाचा पांढरा दिवा नेमका तिथेच काम करतो. अपवर्तनांक 2.4 च्या घरात; तो एक हजारांशाने वाढला तरी रेझोनन्स अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास सरकतो. क्यू (रेझोनन्स किती तीक्ष्ण आहे याचं माप) 10,000 असेल तर रेषेची रुंदी जेमतेम 0.15 नॅनोमीटर!

आणि इथेच घोडं अडलं. मोजमापाची खोली सामायिक, दिवे कायम चालू ठेवायचा नियम. लाल फिल्टरसाठी अर्ज दिला, तर सुरक्षेचा मुद्दा निघाला. मग सही करणारे रजेवर. मग फिल्टर कुठल्या खात्यातून घ्यायचा यावर चर्चा. एका रंगीत काचेसाठी एवढं थांबावं लागतं याचा राग अजून गेलेला नाही. दरम्यान रोज नवे नमुने पांढऱ्या उजेडात खराब होत होते. फिल्टर लागला त्याच दिवशी सरकणं जवळजवळ थांबलं.

हो, आणि ताजा थर आधी काचसंक्रमण तापमानाच्या (जिथे काच मऊ पडू लागते त्याच्या) खाली तापवून शांत करून घ्या. बाष्पनाने बसवलेला थर प्रकाशाला फारच हळवा असतो. उजेड आणि हवा एकत्र मिळाली की पृष्ठभाग ऑक्सिडाइज होतो, म्हणून नायट्रोजन सोडलेला बरा. शक्ती शक्य तितकी कमी ठेवून सुरुवात करा आणि लेसरची तरंगलांबी दोन्ही दिशांनी फिरवून बघा: वक्र वेगळे आले तर उष्णता समजा. लेसर बंद करूनही शिखर परतलं नाही, तर प्रकाशाने झालेला बदल.

आता तोच हिरवा प्रकाश मी हिशोबाने टाकते. शेजारच्या दोन कॅव्हिटी बनवतानाच्या फरकाने वेगळ्या आल्या होत्या. त्यातली आखूड तरंगलांबीची हळूहळू सरकवत दुसरीच्या बरोबरीला आणली, आणि ती तिथेच टिकली.