कागालिब्रीच्या पाठीमागे

व्हेनिसला स्टेशनसमोरून एक नंबरची वापोरेत्तो पकडली. वापोरेत्तो म्हणजे पाण्यावरची एसटीच; गर्दीही तशीच. आकादेमियाला उतरलो, लाकडी पूल ओलांडला आणि सान्तो स्तेफानोच्या चौकात टेकायला जागा शोधू लागलो. चौकात लांब कोटातल्या एका दाढीवाल्याचा पुतळा. मी समोरून नाव वाचत होतो, तेवढ्यात पलीकडून बायकोची हाक आली, ‘‘अहो, मागून बघा!’’

मागून पाहिलं तर कोटाखालून पुस्तकांची चळत बाहेर पडलेली. शिल्पकार बार्झागीने पुतळ्याला आधार म्हणून ती दिली असणार, पण १८८२ साली पुतळा उभा राहिला आणि व्हेनिसकरांनी त्याचं नाव ठेवलं ‘कागालिब्री’, म्हणजे पुस्तकं हगणारा. आम्ही पोट धरून हसलो.

हा लेखक आणि कोशकार निकोलो तोम्मासेओ. जन्म १८०२, दाल्मेशियातल्या शिबेनिकचा. आज ते क्रोएशियात आहे. व्हेनिसवर तेव्हा ऑस्ट्रियाचं राज्य. डिसेंबर १८४७मध्ये यानं भरसभेत सेन्सॉरशिपवर भाषण ठोकलं. मागणी बंडाची नव्हतीच. तुमचाच कायदा नीट पाळा, एवढंच म्हणणं. सरकारला असली माणसं जास्त झोंबतात. जानेवारीत त्याला आणि व्हेनिसचा पुढारी वकील दानिएले मानिनला अटक झाली. १७ मार्च १८४८ला लोकांनी दोघांनाही तुरुंगातून सोडवून खांद्यावर घेत सान मार्कोच्या चौकात नेलं. कुएरिनी स्ताम्पालियाच्या संग्रहालयात त्या मिरवणुकीचं चित्र आहे.

लगेच व्हेनिसनं ऑस्ट्रियाला झुगारून प्रजासत्ताक जाहीर केलं, ते जेमतेम दीड वर्ष टिकलं. मग तोम्मासेओला कॉर्फू बेटावर हद्दपारी, आणि तिथे डोळे गेले. त्याचा खरा मोठा उद्योग मात्र त्यानंतरचा: बेर्नार्दो बेल्लिनी या सहकाऱ्याच्या साथीनं केलेला इटालियन भाषेचा अवाढव्य कोश. दिसत नसताना शब्दांचे अर्थ सांगून लिहून घ्यायचे, दुरुस्त्या ऐकून करायच्या! त्यानं लिहिलेल्या नोंदींवर ‘टी’ची खूण असते आणि त्यांत अर्थासोबत त्याची मतंही बिनदिक्कत येतात. कोशकारानं असं करू नये म्हणतात, मला आवडलं. १८६१पासून खंड निघू लागले, १८७९मध्ये काम संपलं. तोम्मासेओ १८७४लाच फ्लॉरेन्समध्ये वारला होता. मधे इटलीच्या नव्या राज्यानं सेनेटचं सदस्यत्व देऊ केलं, तेही नाकारलं.

हे बरंचसं मी रात्री खोलीवर वाचलं. मग फोटो काढले बघायला. सहा होते. सहाही पाठीमागून.