जुन्या खासगी गोल्फ कोर्सवर पाहुणा म्हणून खेळताना

खारघरचा सिडकोचा कोर्स फी भरून कुणालाही खेळता येतो. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी (स्थापना १९२७) किंवा विलिंग्डन (१९१८) यांच्यासारख्या जुन्या क्लबांची गोष्ट वेगळी. तिथे सभासदाचं बोलावणं लागतं. असं बोलावणं आलं की मंडळी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाऊन तासन् तास ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) मारत बसतात. आमच्या मते तो वेळ वेज (जवळच्या उंच फटक्यांची काठी) आणि पटरला (चेंडू होलकडे लोटण्याची काठी) द्यावा. जुना कोर्स आजच्या मानाने फार लांब नसतो. तिथे स्कोअर बिघडतो तो ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, आसपासच्या पन्नास पावलांत. म्हणून प्रत्येक होलचा विचार ग्रीनपासून सुरू करून उलटा टीपर्यंत, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपर्यंत, आणायचा.

जाण्याआधी यजमानाला विचारून घ्या: पाहुण्यांना कोणते दिवस चालतात, ग्रीन फी कशी द्यायची (बऱ्याच क्लबांत ती सभासदाच्याच खात्यावर पडते), मोबाइलचा नियम काय, कॅडीचा (काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाचा) दर किती. कॉलरचा शर्ट आत खोचलेला, बुटांना मऊ स्पाइक्स, जीन्स आणि कार्गो घरीच. पाहुण्याकडून काही चुकलं तर बोलणी यजमानाला खावी लागतात, हे कायम ध्यानात असू द्या.

टी निवडताना भिडस्तपणा नको. तुमचा पाच नंबरचा आयर्न (मधल्या अंतराची काठी) जितके यार्ड जातो त्याला ३६ ने गुणा. १५० यार्ड जात असेल तर ज्या टीवरून कोर्सची एकूण लांबी ५,४०० यार्डांच्या आसपास भरते तो टी तुमचा. यजमान मागच्या टीवरून खेळत असला तरी तुम्ही पुढच्या टीवरून खेळायला काहीच हरकत नाही.

हँडिकॅप इंडेक्सही (तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा) जसाच्या तसा वापरायचा नसतो. इंडेक्सला त्या टीच्या स्लोप रेटिंगने (साधारण खेळाडूला कोर्स किती अवघड जातो त्याचा आकडा) गुणायचं, ११३ ने भागायचं आणि कोर्स रेटिंगमधून (तरबेज खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) पार (कोर्ससाठी ठरलेले स्ट्रोक, म्हणजे फटके) वजा करून येईल ते त्यात मिळवायचं. समजा इंडेक्स १८.४, स्लोप १३१, रेटिंग ७१.२ आणि पार ७०. गुणाकार-भागाकारानंतर २१.३ येतात, त्यात १.२ मिळवले की २२.५ च्या किंचित वर, म्हणजे २३. जवळपास पाच स्ट्रोक जास्त मिळाले! स्लोप ११३ म्हणजे सर्वसाधारण कोर्स, १५५ म्हणजे कमाल. त्यावरून समोर काय वाढून ठेवलंय याचा अंदाज घरबसल्या येतो.

आता वारा. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे खरोखर कामाला येतात. थंडीच्या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून, मंद वाहतो. ऊन तापलं की तो पडतो आणि दुपारकडे पश्चिमेकडून, वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. साडेआठला टी-ऑफ केलं तर हा पालट फेरीच्या मध्यावरच गाठतो. तिसऱ्या होलवर पाठीशी असलेला वारा त्याच दिशेच्या बाराव्या होलवर तोंडावर येतो. पहिल्या नऊ होल्सचे अंदाज पुढे तसेच वापरले की चेंडू आखूड पडायला लागतात, आणि दोष विनाकारण स्विंगला दिला जातो. ढोबळ हिशेब असा: ताशी १६ किलोमीटरचा वारा समोरून असेल तर अंतर दहा टक्के वाढवून धरा, पाठीशी असेल तर पाचच टक्के कमी करा. समोरच्या वाऱ्यात जोर लावू नका. जोराने स्पिन वाढतो, चेंडू वर चढतो आणि जागीच पडतो. एक-दोन क्लब जास्त, म्हणजे एरवीपेक्षा लांब मारणारी काठी, घेऊन तीन-चतुर्थांश स्विंग करा. पुण्याहून उतरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: तिथल्या साडेपाचशे मीटर उंचीवर हवा विरळ असते. समुद्रसपाटीला तोच फटका साधारण दोन टक्के आखूड पडतो.

ग्रीनवर मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. जुने ग्रीन लहान असतात आणि बहुतेक मागून पुढे उतरतात. पाणी निघून जावं आणि येणारा चेंडू थांबावा, हा त्यामागचा हेतू. चेंडू होलच्या वरच्या बाजूला राहिला तर साधा चार फुटांचा पटही थरथरत मारावा लागतो. म्हणून अॅप्रोचला (ग्रीनवर पोचवणाऱ्या फटक्याला) ध्वज पाहून क्लब काढू नका. ध्वज मागे असला तर मध्यावर पडेल असा क्लब घ्या, ध्वज पुढे असला तरी मध्यच धरा. ग्रीनच्या मागे गेलेल्या चेंडूपेक्षा चार पावलं अलीकडे राहिलेला चेंडू नेहमीच सोपा.

आपल्याकडचे बर्म्युडा ग्रीन म्हणजे हरळीच्याच कुळातलं गवत. हरळीची पाती एका दिशेला आडवी कलतात आणि चेंडूला तिकडे ओढतात. कल ओळखायचा तो होलच्या काठावरून. जवळ जाऊन वाका: कापलेल्या काठाची एक बाजू स्वच्छ, धारदार दिसते, तर दुसरी बाजू झिजलेली, तपकिरी आणि विस्कटलेली. कल त्या विस्कटलेल्या बाजूकडे. उभ्याने पाहिलं तर गवत चकाकतं तेव्हा पट कलाबरोबर जातोय आणि जलद पळेल. गडद, मळकट दिसलं तर कलाविरुद्ध, म्हणजे जास्त मारा. उतार आणि कल एकाच बाजूला असले तर वळण वाटतं त्याहून जास्त. विरुद्ध असले तर एकमेकांना बरंचसं खोडतात, आणि नवखा पाहुणा नेमका इथेच फसतो. बुटक्या नव्या जातींत कल कमी असतो, पण तपासायला दोन सेकंद लागतात. डिसेंबर-जानेवारीत पहिल्या काही ग्रीनवर दव असतं, तेव्हा ते मंद असतात. दव उडालं की वेग वाढतो.

हाच कल ग्रीनच्या काठावर चिप (छोटा, बुटका फटका) करताना आणखी छळतो. कलाविरुद्ध वेजची पुढची कड मातीत रुतते आणि चेंडू दोन फूट जातो. हात फार पुढे न ढकलता तळ सरकू द्या. नाहीतर सरळ पटर किंवा आठ नंबरच्या आयर्नने लोटा. दिसायला साधं वाटतं, पण स्ट्रोक वाचतात.

बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) वाळू कोरडी आणि मऊ असेल तर फेस (काठीचा चेंडूला लागणारा भाग) उघडा, म्हणजे आकाशाकडे वळवून, ठेवा. पावसानंतर ती घट्ट बसते, तेव्हा उघडा फेस वाळूवर आपटून उसळतो आणि चेंडू भिंतीपलीकडे उडतो. अशा वेळी फेस सरळ ठेवून थोडं कमी खोल जा. जुने बंकर खोल असतात. तीनदा मारूनही चेंडू बाहेर येणार नाही असं दिसलं तर न खेळण्याजोगा जाहीर करा. दोन स्ट्रोकचा दंड घेऊन बंकरच्या बाहेर, ध्वज आणि चेंडू यांच्या रेषेत मागे ड्रॉप करता येतो. पाणी साचलं असेल तर आतल्या आत मोफत सुटका मिळते, बाहेर येण्यासाठी एका स्ट्रोकचा दंड.

कॅडीला नुसते यार्ड विचारू नका. 'कुठे चुकलेलं चालेल?' हे विचारा. कोणत्या बाजूला चेंडू गेला तर होल संपतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं, त्याहून एक क्षणही जास्त नाही. शंका असेल तर पुढे जाण्याआधीच प्रोव्हिजनल (पहिला चेंडू सापडला नाही तर कामी येणारा दुसरा चेंडू) मारून ठेवा. स्टेबलफर्ड (प्रत्येक होलवर गुण मोजण्याची पद्धत) खेळत असाल तर गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू उचला. पार अधिक दोन अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे स्ट्रोक, हा हँडिकॅपसाठीचा कमाल आकडा. कार्डावर तोच लिहा आणि पुढच्या टीकडे चला, मागचा गट वाट पाहत असतो.