आमचा रविवार अष्टमीला येतो

‘तुम्ही सगळे नदीवर जाता ते नक्की कुठल्या वारी?’ हे मला फोंड्याच्या बाजारात विचारलं आहे, ऑफिसात विचारलं आहे, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जेवता जेवता. कोणाला आम्ही मंगळवारी पहाटे दिसतो, कोणाला पंधरवड्याने बुधवारी. सोबत काठी टेकत बाबा, थर्मास घेतलेली ही, अर्धवट झोपेत मुलगी, पट्ट्याला वाघ्या आणि दहा हात मागे आमच्याशी काही संबंध नसल्यासारखी चालणारी चिंगी मांजर. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आम्ही वार बघतच नाही, तिथी बघतो.

दुर्भाटला, गोव्यात जुवारी नदीच्या काठी, बाबांचं लहानपण गेलं. त्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, आलेला आकडा ही भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, म्हणजे सहा. शुद्ध असो वा वद्य, महिन्यातून दोनदा पहाटे सहाच्या सुमाराला नदी भरलेली मिळते. मुलगी मोबाईलवर मुरगाव बंदराची भरतीची वेळ काढून आजोबांना चुकीचं ठरवू बघते. बाबा ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘मुरगाव समुद्रावर आहे गो, पाणी इथपर्यंत चालत येतं, त्याला वेळ नको?’

अष्टमीचं दुसरं कारण भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, मंद भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात चढतं, जोरात ओढतं, बांदावर बसून धड बोलता येत नाही. अष्टमीच्या आसपास चंद्र आणि सूर्य पाण्याला काटकोनात ओढतात, त्यामुळे भरती बेताची आणि ओहोटीही बेताची. पाणी वर येतं आणि नुसतं उभं राहतं. खारफुटीची पानं त्यात जशीच्या तशी दिसतात. मग एखादा खंड्या सूर मारतो आणि ते चित्र मोडतो.

आम्ही बसतो ते मानशीजवळ. खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल खारजमिनीच्या, बांदातली ही लाकडी दारं भरतीचं पाणी ढकलू लागलं की आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतात. कोणी हात लावत नाही. बाबा मात्र दर वेळी दारांवर नजर ठेवून असतात, आपण नसलो तर ती विसरतील अशी भीती असावी. दारं उघडली की तिथे जाळं लावून सुंगटं, म्हणजे कोळंबी, धरतात. त्यातलं एखादं बारीक मासळं चिंगीच्या वाट्याला येतं. ती आमच्याबरोबर का येते याचं उत्तर तेवढंच, प्रेमाबिमाचा गैरसमज नाही.

वाघ्याला का बांधून ठेवता, असंही विचारतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, आणि तो कालवा काही लांब नाही. आमच्या भागात पौष अमावास्येला खाजनात चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. तिचा मान ठेवायचा तर तिच्या दारात कुत्रा सोडून कसं चालेल? वाघ्याला हे पटलेलं नाही. तो पाण्याकडे बघून कण्हतो, चहाबरोबरच्या बिस्किटावर तडजोड करतो, आणि गावातून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला की सगळ्यांच्या आधी उठतो. गरम पोळी, म्हणजे आमच्याकडचा पाव, घरी पोचायच्या आत आपण पोचलं पाहिजे, हा त्याचा नियम.

आम्ही फारसं बोलत नाही. मुलगी कधी शाळेतलं काही सांगते, जे घरी विचारून निघत नाही.

येती अष्टमी शुक्रवारी आहे आणि नेमका त्याच दिवशी तिचा गणिताचा पेपर. पाणी चुकवायचं नाही म्हणून बाबांनी काल स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयासमोर उभं राहून बोटं मोजली. सात त्रिक एकवीस, सव्वापाच. ‘सप्तमीला जाऊ,’ म्हणाले, ‘फक्त बॅटरी घ्या.’